साडेतीन स्टारचं बिस्किट

प्रति,
मा. अध्यक्ष आणि तज्ज्ञ समितीचे सदस्य,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

स.न.वि.वि.

तासगावात माझं किराणा मालाचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, आता मी बघतो. समोरच शाळा आहे, त्यामुळे मधल्या सुट्टीत पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा बघता बघता निम्म्या होतात. खाण्याच्या पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापावं, याचा विचार आपण दिल्लीत गेली कित्येक वर्षं करताय. ते पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देणारा माणूस मी आहे. मसुद्यावर हरकती मागवल्या तेव्हा मला पत्ताही नव्हता, नाहीतर तेव्हाच लिहिलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका आक्कांच्या मालकांना शुगर निघाली. आक्का दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चहासंगं बिस्किट न्हाई मिळालं की ह्यांचं डोकं फिरतं. शुगरवाल्यांची बिस्किटं दे बाबा." असं कुणी मागितलं की सगळे दुकानदार जे पाकीट काढून देतात, तेच मीही काढलं. मातकट रंग, गव्हाची लोंबी, वर ठळक अक्षरांत फायबर. आक्कांनी पाकीट उलटंसुलटं केलं, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हिरवा ठिपका हाय न्हवं? मग चांगलंच असंल की."

त्या गेल्यावर मी तेच दुसरं पाकीट घेऊन दारात उजेडाला गेलो. चष्मा होता, तरी मागचा तक्ता वाचायला पाकीट नाकाशी धरावं लागलं. घडीच्या सुरकुतीत, चंदेरी कागदावर, इंग्रजीत. दर १०० ग्रॅममागे एकूण साखर २१ ग्रॅम. पाकीट २०० ग्रॅमचं. आत येऊन काट्यावर कागद ठेवला, साखर ओतली आणि ४२ वर थांबलो. पोह्याची बशी झाकेल एवढा ढीग झाला. शेजारी साधं ग्लुकोज बिस्किट होतं, त्यावर १०० ग्रॅमला २५ होती. म्हणजे शुगरवाल्यांसाठी म्हणून मी जे विकत आलो, त्यात साध्या बिस्किटापेक्षा चार ग्रॅम कमी साखर, आणि भाव जवळजवळ दुप्पट.

तेव्हापासून हा नादच लागला म्हणा. गल्ल्याशेजारी साखरेच्या पुड्या बांधून ठेवल्यात, प्रत्येकीवर कशातली ते लिहून. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीची पुडी २६ ग्रॅमची आहे. क्रीमच्या बिस्किटाच्या शंभर ग्रॅमची ३६ची. आपल्याच नियमांनुसार पाकिटावरची टक्केवारी काढताना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅम धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटना २५च्या आत राहिलात तर जास्त चांगलं म्हणते. पोरं पुड्या हातात घेऊन तोलतात. कधी कधी पाकीट परत माळेला अडकवतात, बऱ्याचदा नाही. सगळी पोरं सुधारली असं सांगून मला आपली दिशाभूल करायची नाही.

आता मुद्द्याचं. १३ सप्टेंबर २०२२च्या मसुद्यात आपण भारतीय पोषण मानांकन आणायचं म्हटलंत. पाकिटाच्या तोंडावर अर्ध्यापासून पाचपर्यंत स्टार, जितके जास्त तितका माल चांगला, फ्रीज आणि एसीवर असतात तसे. पहिली चार वर्षं ऐच्छिक. हा प्रकार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडात २०१४पासून चालू आहे, तिथल्या गणितावरूनच आपलं बेतलेलं दिसतं. मी ते गणित एका रविवारी वही घेऊन समजून घेतलं. १०० ग्रॅममागे ऊर्जा, संपृक्त चरबी, साखर आणि सोडियम यांचे वाईट बाजूचे गुण मोजायचे. फळं, भाज्या, कडधान्यं, दाणे, भरडधान्यं, तंतू म्हणजे फायबर आणि प्रथिनं यांचे चांगल्या बाजूचे गुण त्यातून वजा करायचे. जे उरेल त्यावरून स्टार.

माझी हरकत त्या वजाबाकीला आहे.

शेंगदाण्याची चिक्की घ्या. दाण्याची प्रथिनं आणि तंतू एका बाजूला, गुळाची साखर दुसऱ्या बाजूला. कागदावर दाणा गुळातून वजा होतो. आक्कांच्या मालकांच्या रक्तात तो तसा वजा होत नाही. दाणा घातला म्हणून गूळ कमी झाला नाही, तो तिथंच आहे, तेवढाच आहे. मी गिऱ्हाइकांच्या उधारीच्या वह्या लिहितो. गोविंदाची उधारी गोपाळाच्या जमेतून वजा केली तर पान जुळेल, पण वसुली बुडेल. (चिक्की मला स्वतःला फार आवडते, आणि ती विकणं मी बंद करणार नाही. हेही इथंच सांगून टाकतो.)

आणि वजाबाकी आली की तिचा फायदा घेणारे आलेच. एका कंपनीचा सेल्समन महिन्याला माल लिहून घ्यायला येतो. पोरगा चांगला आहे, चहा पिताना मोकळं बोलतो. म्हणाला, "अण्णा, स्टार आले तर आपल्याला काय टेन्शन नाही. थोडा कोंडा, थोडी नाचणी टाकली की साडेतीनपर्यंत जातंय बघा." खरंच साडेतीन येतात की दीड, ते आपल्या प्रयोगशाळेत ठरेल. पण साखर कमी करण्याआधी त्याच्या डोक्यात कोंडा आला, हे लक्षात घ्या.

ऑस्ट्रेलियात असं घडून गेलंय. तिथं मायलो नावाच्या चॉकलेट पावडरीवर साडेचार स्टार छापलेले असायचे. ते स्टार नुसत्या पावडरीचे नव्हते, साय काढलेल्या दुधात ती कालवली तर होणाऱ्या पेल्याचे होते. पावडर एकटी धरली तर दीड स्टार. लोकांनी बोंब मारली, तेव्हा २०१८मध्ये कंपनीने ते स्टार काढून घेतले आणि पुढे नियमातली ती फटही बुजवली गेली. पुण्याई दुधाची, पाटी पावडरीच्या डब्यावर. आपल्याकडे पोरांच्या दुधात घालायच्या पावडरींचं कपाट माझ्या दुकानात गल्ल्याच्या मागेच आहे. त्यातल्या डब्यांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं वाणिज्य मंत्रालयाला एप्रिल २०२४मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं. तो शब्द काढून घेतला आणि त्या जागी चार स्टार चिकटवले, तर आयांना जुन्या शब्दाची आठवणही होणार नाही.

फ्रान्सची गोष्ट जरा वेगळी. तिथं ऑक्टोबर २०१७पासून न्यूट्री-स्कोअर आहे, हिरव्या एपासून लाल ईपर्यंत. ही पद्धत पुष्कळ बरी आहे, कारण तिच्यात लाल रंगही आहे. स्टारमध्ये तो नाही. अर्धा स्टार हेसुद्धा बक्षीसच दिसतं. पण गणित तिथंही बेरीज-वजाबाकीचंच. म्हणून इटलीवाले परमेसान चीजला डी मिळतो म्हणून आजही भांडतायत, आणि ऑलिव्ह तेल गणित सुधारल्यावर सीवरून बीवर गेलं. तेल तेच होतं, बाटलीही तीच. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाने २०२१मध्ये फूड कंपास नावाची १ ते १००ची मोजपट्टी काढली. तिच्यात साखरेचा थर दिलेला गव्हाचा नाश्ता अंड्याच्या वर जाऊन बसला, आणि जगभर हसं झालं. हे सगळे हुशार लोक होते, कुणी लबाड नव्हतं. चार गोष्टी एका आकड्यात कोंबल्या की असं होणारच, असं मला वाटतं.

मग काय करावं? आपल्याकडेच उत्तर आहे आणि ते आक्कांनी बोट ठेवून दाखवलंय.

शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका २००१मध्ये आला. आज लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तो कळतो. पाकीट मराठीत नसलं तरी चालतं, चष्मा घरी राहिला तरी चालतं. मांसाहारी मालाच्या तपकिरी ठिपक्याचा आपण अलीकडे त्रिकोण केलात, रंग नीट न दिसणाऱ्यांनाही ओळखता यावा म्हणून. हे काम मला फार आवडलं. त्या ठिपक्यात कसलीही सरासरी नाही. अंडं अर्धं आणि मैदा अर्धा, तर अर्धा ठिपका, असं कुणी म्हणत नाही. आहे किंवा नाही, एवढंच तो सांगतो. अडचण एकच आहे. लोक त्याच ठिपक्याकडून त्याने कधी न दिलेलं उत्तर घेतायत. हिरवा म्हणजे तब्येतीला चांगला. त्याच्या शेजारी तेवढंच स्पष्ट दुसरं काही नसल्यामुळे हे होतंय.

चिलीने जून २०१६पासून नेमकं हेच केलं. काळा अष्टकोन, आत पांढऱ्या अक्षरांत 'साखर जास्त', दुसरा मिठाचा, तिसरा संपृक्त चरबीचा, चौथा उष्मांकांचा. ज्याची मर्यादा ओलांडली त्याचा अष्टकोन, दोन ओलांडल्या तर दोन. टप्प्याटप्प्याने मर्यादा कडक करत २०१९मध्ये घन पदार्थांसाठी १०० ग्रॅमला १० ग्रॅम साखर आणि ४०० मिलीग्रॅम सोडियम इथवर आणल्या. सोबत शाळांत असा माल विकायला बंदी घातली, आणि पोरांना भुलवणारी कार्टूनची चित्रं पाकिटांवरून उतरवली. जास्त साखरेच्या पेयांची खरेदी पहिल्या दीड वर्षात जवळपास पाव हिश्श्याने घटली. ते श्रेय एकट्या अष्टकोनाचं नाही, सगळ्या उपायांचं मिळून आहे. पण अष्टकोन नको म्हणून कंपन्यांनी साखरच कमी केली, असंही बऱ्याच मालाच्या बाबतीत झालं. कोंडा टाकून अष्टकोन जात नाही ना! २०२०मध्ये मेक्सिकोनेही हीच वाट धरली.

आणि हे परदेशातलंच नाही. आपल्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी सहा राज्यांत लोकांना वेगवेगळी चिन्हं दाखवून पाहिलं, त्यात इशाऱ्याचं चिन्ह सरस ठरलं. आपण स्वतः २०१८च्या मसुद्यात जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटावर लाल रंग सुचवला होता. तो रंग कुठं गेला, कुणाच्या सांगण्यावरून गेला, हे मला दुकानात बसून कसं कळणार? २०२२च्या मसुद्यावर चौदा हजारांच्या आसपास सूचना आल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये तीन महिन्यांत शिफारशी मागितल्या, मग जुलैत आणखी तीन महिने दिले. उधारीला मी इतक्या तारखा दिल्या असत्या तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

चिलीचा नियम जसाच्या तसा उचला, असं मी म्हणत नाही. आमच्या गावाचं उदाहरण देतो. तासगाव म्हणजे बेदाण्याचं गाव, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखर असते, पण ती द्राक्षातली, कुणी वरून घातलेली नाही. 'एकूण साखर' एवढंच मोजलं तर बेदाणा आणि टॉफी एका रांगेत उभे राहतील आणि इथला बागायतदार माझ्या दुकानावर मोर्चा आणेल. चिलीत ज्या मालात साखर, मीठ किंवा चरबी वरून घातली आहे, त्यालाच अष्टकोन लागू होतो. तेवढी अट जशीच्या तशी घ्या. बेदाणा, दाणे, दूध, तूप यांना हात लावू नका. मात्र गुळाला साखरेतून सूट देऊ नका, ही माझी विनंती आहे. गुळाचं बिस्किट म्हणून जे येतंय ते बघून मी हे लिहितोय. कोल्हापूर जवळ आहे, त्यामुळे मला हे लिहिताना कसं वाटतंय ते आपण समजून घ्या.

पापड-लोणच्यांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. माझ्याकडे तीन बचत गटांचा माल असतो. लोणच्यात मीठ असणारच, १०० ग्रॅमचं गणित लावलं तर अष्टकोन येणारच, आणि ताटात लोणचं येतं ते बोटभर. माझं मत असं की येऊ दे. लोणचं खारट असतं हे कुणाला नवं आहे? ब्लडप्रेशरच्या माणसाला त्याची आठवण झालेली बरी. पण त्या बायकांना प्रयोगशाळेत माल तपासून आणायचा खर्च झेपणारा नाही. तो सरकारने उचलावा, नाहीतर मोठ्या कंपनीचं लोणचं राहील आणि यांचं बंद पडेल.

आणि समोसा-जिलेबीचं म्हणाल, तर ते सोडून द्या. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन बातमी फिरली की आता समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार. सरकारला खुलासा करावा लागला की असं काही नाही, कार्यालयांत तेल-साखरेचे माहितीफलक लावायचे आहेत एवढंच. आमच्याकडे आठवडाभर हसण्यावारी चाललं होतं. त्या हसण्यात पाकिटांचा विषय बुडाला. कढईतून काढताना जिलेबी पाकात बुडवलेली गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं. पाकिटातलं काही दिसत नाही, म्हणून इशारा तिथं हवा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय, कारण ते लिहायला मला सगळ्यात अवघड जातं. माझा गल्ला ज्याच्यावर चालतो ती माळेची पाकिटं. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर त्यावर पोषणमूल्यांचा तक्ता छापण्यातून आपल्या नियमात सूट आहे, तो घाऊक खोक्यावर असला की झालं. म्हणजे सर्वांत लहान पाकीट, जे सर्वांत लहान गिऱ्हाईक विकत घेतं, त्यावर साखर-मिठाबद्दल काहीच लिहिलेलं नसलं तरी चालतं. खोकं मी फोडतो, गोठ्याकडेला टाकतो आणि पावसाळ्यात चुलीला लावतो. तक्ता जळून जातो. अष्टकोनाला तक्त्याइतकी जागा लागत नाही. बोटाच्या नखाएवढा असला तरी पाच रुपयांच्या पाकिटावर मावतो, हिरवा ठिपका मावतो तसाच. चार वर्षं ऐच्छिक ठेवलंत, तर ज्याला पाच स्टार मिळतील तोच छापेल, आणि ज्याला अर्धा मिळेल त्याचं पाकीट कोरं राहील. कोऱ्या पाकिटाला लोक काय समजतील? आजच्यासारखंच. म्हणून सक्तीचं करा, आणि ते माळेपासून सुरू करा.

माझा धंदा बसेल का? थोडा बसेल. तंबाखूच्या पुडीवर पाकीटभर भयंकर चित्र आहे, तरी पुडी मागणारा मागतोच, हे मी रोज बघतो. त्यामुळे अष्टकोनाने क्रांती होईल असं मला वाटत नाही. पण पुडी मागणाऱ्याला निदान माहीत असतं की तो काय मागतोय. आक्कांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. नऊ वर्षं मी ते पाकीट शुगरवाल्यांना शहाणपणाने काढून देत होतो.

एक सुचवतो. समितीतल्या कुणी एखाद्या दिवशी तासगावला यावं. एकाच बिस्किटाची दोन नमुना पाकिटं छापून आणा, एकावर आपले स्टार, दुसऱ्यावर काळा अष्टकोन. मी दोन्ही फळीवर मांडतो. आपण गल्ल्यामागच्या स्टुलावर बसा, काही बोलू नका. अकराच्या सुमारास आक्का दळण घेऊन येतात, दीड वाजता शाळेची घंटा होते. चहा माझ्याकडून, बिनसाखरेचा म्हणाल तर तसा.

कळावे,

आपला,
एक किराणा दुकानदार,
तासगाव, जि. सांगली

ता. क. : ती ४२ ग्रॅमची पुडी आक्का घरी घेऊन गेल्या, मालकांना दाखवायला. त्यांनी तिचा चहा केला, असं कळलं. दुसरी बांधून ठेवली आहे.